मधलं पेर

कार्तिक सरत आला की गाभण मेंढ्या पुढच्या खुराने जमीन उकरायला लागतात. इतर वेळी कळप सोडून चार पावलं लांब न जाणारी मेंढी त्या दिवशी एकटी होते. कुंपणाच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, आडवी होते, परत उठते, आपण आत्ताच जिथे बसलो होतो ती जागा वास घेऊन तपासते. माणसाने जवळ जाऊ नये. मी जात नाही. हातातली कुट्टीची पाटी खाली ठेवतो आणि लांबून बघत बसतो. सिन्नरच्या बाजूने गार वारा येतो, शेजारच्या वावरात कांद्याची लागण चाललेली असते, बायकांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येतं. मधूनच देवळालीकडून तोफांचा सराव धडधडतो. नवीन माणूस दचकतो, माझ्या मेंढ्या कानसुद्धा हलवत नाहीत.

मग कोकरू येतं. ओलं, पिवळट, अंगाला धग असलेलं. आई त्याला चाटता चाटता घशातल्या घशात एक आवाज काढते. तो आवाज मेंढी एरवी कधीच काढत नाही, कोकरू जन्मल्यावर काही दिवसच काढते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, मेंढी आजारी आहे. हनीफभाई हसला होता. "आजारी नाय रे भाऊ. नाव सांगती ती त्याला स्वतःचं."

हनीफभाईचं नाव लिहायचं नाही असं ठरवून हा लेख लिहायला बसलो होतो. दुसऱ्याच परिच्छेदात आलं.

माझ्याकडे आज साठेक मेंढ्या आहेत. बहुतेक क्रॉस. आपल्या काळ्या दख्खनी मेंढीवर माडग्याळ जातीचा नर घातला की जी कोकरं होतात ती. कुणी काळं-पांढरं, कुणाच्या मांडीवर तपकिरी डाग, कुणाला बापाचं नाक आणि आईचे पाय. चपळ, काटक, वजनाला भारी, आणि बाजारात उभी केली की गिऱ्हाईक आपणहून येतं. पोट त्यांच्यावरच चालतं. पण कळपाच्या एका बाजूला जाळीच्या वाघुरीत पाच मेंढ्या वेगळ्या असतात. त्या अस्सल माडग्याळ. उंच, लांब मानेच्या, पोपटासारखं बाकदार नाक. चालतात तेव्हा वाटतं, कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यात. या पाच आहेत तोवर माझ्याकडे अस्सल रक्त आहे. क्रॉसला क्रॉस लावत गेलं की चार पिढ्यांत सगळं पाणी होतं, ना आईचा काटकपणा राहतो ना बापाची उंची. म्हणून अस्सल पाहिजे. आणि अस्सल राखायचं तर दर दोन-तीन वर्षांनी नर बदलावा लागतो, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो आणि कोकरं मरतुकडी निघतात. दुसऱ्या रक्ताचा अस्सल नर मिळाला नाही तर यांच्याबरोबर हे घराणं संपलं. यांचेही दात झिजत आलेत. आणखी एक-दोन वेतं, मग नाही.

घराणं हा शब्द मेंढ्यांना लावतो म्हणून मंगल हसायची. मंगल, माझी बायको. दोन वर्षांपासून ती नाशकात द्वारका चौकाजवळ मुलाकडे असते, नातवंडासाठी. रागावून गेलेली नाही. पण परत कधी येणार हे तिने सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मला विचारायला जमत नाही. मागणं जमतं. बाजारात भाव मागायचा, नाही पटला तर पाठ फिरवायची, ही विद्या मी पोटासाठी शिकलो आणि मग घरातही तीच वापरत राहिलो.

सिन्नरच्या कारखान्यात मी नऊ वर्षं पॉवर प्रेसवर होतो. उजव्या हाताची तर्जनी तिथेच राहिली. मुळाचं पेर तेवढं शिल्लक आहे, वरची दोन गेली. भरपाई मिळाली त्यात अकरा मेंढ्या घेतल्या. लोक म्हणाले, बोट विकून मेंढरं आणली. म्हणू देत. माझ्या घराण्यात कुणी मेंढरू पाळलेलं नव्हतं. मला मेंढीच्या तोंडात बोट घालून दात बघता येत नव्हते, घातलं तर तीच चावायची. ते सगळं हनीफभाईने शिकवलं. तो सिन्नरच्या बाजारातला मेंढ्यांचा व्यापारी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, किडकिडीत, खांद्यावर कायम चौकटीचा टॉवेल. दातांवरून वय: दोन दाती, चार दाती, जुळलेली, झिजलेली. कास कशी चाचपायची, पाठीच्या कण्यावर अंगठा फिरवून मांस कसं ओळखायचं. आणि टॉवेलाखालची भाषा.

ही भाषा आता संपत आली. गुरांच्या, मेंढरांच्या बाजारात दोन माणसं भाव तोंडाने बोलत नाहीत. एकमेकांच्या हातावर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं धरतात. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. हजार की शेकडा हे जनावर बघून समजायचं. वर चेहरा दगडासारखा. भोवती वीस माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सौदा जमला तरी, मोडला तरी, टॉवेलाखालचा आकडा कधी तोंडावर आणायचा नाही. तो नियम सांगावासुद्धा लागत नाही. आता पोरं काट्यावर जनावर चढवतात आणि किलोचा दर फोनवर ओरडून सांगतात. सोपं आहे. पण मला विचाराल तर मी इतकी वर्षं ज्याचा हात सगळ्यात जास्त वेळ धरला असेल, तो मंगलचा नाही, हनीफभाईचा.

बाजारातले काही टवाळ माझ्या थोट्या बोटावर विनोद करायचे. "याच्याशी सौदा करताना ते बोट धरायचं, अर्ध्यात माल भेटतो!" एकाची मी कॉलर धरली होती. त्यानंतर तोंडावर कुणी बोललं नाही, पण डोळ्यांत दिसायचं.

सात वर्षांपूर्वीचं वेत हे माझं सगळ्यात चांगलं वेत. तसा हंगाम परत आला नाही. एका महिन्यात चौतीस कोकरं, एकही गेलं नाही. माझ्याकडे तेव्हा अस्सल नर होता, हनीफभाईनेच लांबून शोधून आणून दिलेला. पांढराशुभ्र, गळ्यापाशी तपकिरी पट्टा, चालला की दोन्ही बाजूंनी क्रॉसची कोकरं त्याच्या पायात पायात. हनीफभाई रोज दुपारी मोटारसायकलवर यायचा. म्हणायला कोकरं बघायला. खरं म्हणजे बसायला. दोघं उन्हात पाठ देऊन बसायचो. कोकरं दूध पिताना शेपट्या हलवत असायची, तो बघत राहायचा आणि मध्येच म्हणायचा, "शेपूट हललं म्हणजे घशाखाली उतरतंय बरं का. नाय हललं तर आईला बघ." मंगल भाकरी आणायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुम्ही दोघं एवढं काय बोलता?" आम्ही काहीच बोलत नसायचो.

एका मेंढीने कोकरू टाकलं होतं. जवळ घेईना, डोक्याने ढकलून द्यायची. मी तिला दोन रट्टे द्यायला निघालो तर त्याने माझा दंड धरला. "मारून आई होत नसती, भाऊ." तिचंच थोडं दूध काढून कोकराच्या पाठीवर, शेपटाखाली चोळलं आणि दोघांना एका लहान खणात कोंडलं. तिसऱ्या दिवशी ती घशातला आवाज काढायला लागली. त्या मेंढीच्या लेकीच या पाचांतल्या दोन.

त्याच पौषात त्या नराला माझ्याकडे तीन वर्षं झाली. त्याच्या लेकी वयात आल्या, आता तो ठेवून भागणार नव्हतं. मी त्याला बाजारात नेला. अंग धुऊन, खुरांना तेल लावून. भोवती गर्दी झाली. हनीफभाई आला, टॉवेल माझ्या हातावर टाकला. मला बरं वाटलं. म्हटलं, घरच्या माणसाकडे जाईल.

त्याने माझी चार बोटं धरली. मी मनात धरलेला भाव तोच होता. एक पैसा कमी नाही. मी मान हलवणार, तेवढ्यात त्याने बोटं सोडली आणि माझं थोटं बोट धरून त्याच्या टोकावर अंगठा दाबला. एकदा. मग पुन्हा, जरा जोरात. आणि माझ्या तोंडाकडे बघून हसला.

माझं डोकं फिरलं. अर्धा भाव. तोही या बोटावर. ज्या विनोदासाठी मी माणसाची कॉलर धरली तो विनोद हनीफभाई करतो, तोही माझ्या सगळ्यात चांगल्या जनावरावर. मी टॉवेल ओढून काढला आणि बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो. "बघा रे, बघा! माझ्या तुटक्या बोटावर माझा मेंढा अर्ध्यात मागतोय हा! आकडा सांगू?" आणि आकडा सांगितला.

हशा पिकला. मला वाटलं होतं लोक त्याला हसतील, काही जण हसलेही. म्हातारे व्यापारी मात्र खाली बघायला लागले. हनीफभाईचा चेहरा पांढरा पडला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, टॉवेल दे." मी दिला. त्याने तो झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला आणि गर्दीतून निघून गेला. त्यानंतर तो कधी माझ्याकडे आला नाही. मीही गेलो नाही.

त्याच रागात मी मेंढा परक्या व्यापाऱ्याला दिला. त्याने काट्यावर चढवला, किलोने पैसे दिले. अस्सल जातीचा नर, तीन वर्षं ज्याला नावाने हाक मारली, तो मटणाच्या भावात गेला. सात वर्षं मी मनाशी धरून बसलो की हे हनीफभाईमुळे झालं. मधल्या काळात फोनवर फोटो बघून एक नर लांबून मागवला. मी, ज्याला बाजारात कुणी फसवलं नाही, तो फोटोला फसलो. त्याची कोकरं बघितली आणि कळलं, त्याच्यात भलतंच रक्त आहे. काढून टाकला. त्याचाही राग मी हनीफभाईच्याच खात्यावर टाकला. राग असा धरून ठेवला की त्याची सोबत होते, हे मला मंगल नाशकात गेल्यावर कळलं. संध्याकाळी शेडमध्ये एकटा बसलो की मी त्याच्याशी भांडायचो. मनात. तो मनातसुद्धा उत्तर देत नसे.

यंदा कांद्याची लागण व्हायच्या आधी शेजाऱ्याने वावरात मेंढ्या बसवल्या, खतासाठी. दोनशे-अडीचशे मेंढरं आणि त्यांचा म्हातारा धनगर, त्याला सगळे तात्या म्हणतात. त्याच्या कळपातली एक काळी मेंढी माझ्या डोळ्यांत भरली. दुपारी जाऊन बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने घोंगडीचा पदर माझ्या हातावर ओढला. मला हसू आलं. सात वर्षांनी कुणीतरी हात धरत होतं.

खाली त्याची बोटं माझा हात चाचपत तर्जनीपाशी थांबली.

"ह्ये कुठं ठिवलं?"

"कंपनीत. प्रेसखाली."

"बरं," म्हणाला आणि तीन बोटं धरली. मग सोडून माझं मधलं बोट धरलं आणि त्याच्या मधल्या पेरावर अंगठा दाबला.

मी चिडलो. "तात्या, अर्ध्याचं काय लावलंय?"

म्हाताऱ्याने आ वासला. मग त्याच्या तोंडातले उरलेसुरले सगळे दात दिसले. "आरं, इकणारा मी हाय! मीच माझ्या मेंढीचा भाव आर्धा करीन व्हय? भांग पिऊन आलाय का तू?"

मी घोंगडीखालून हात काढून घेतला.

"अर्धलीनं घेतो का, आसं इचारलं तुला," तो समजावून सांगायला लागला, लहान पोराला सांगावं तसं. "भाव तीन बोटं. पण तुला इकत नगं आसंल तर अर्धलीनं ने. सांभाळ तू, कोकरं आर्धी तुझी आर्धी माझी. भाव आर्धा करायचा तर शेंड्याचं पेर. अर्धल म्हंजी मधलं पेर. त्ये बी ह्या बोटाचं," असं म्हणून त्याने स्वतःची तर्जनी माझ्यापुढे धरली. "तुझं ते पेरच नाय, म्हणून मी शेजारचं धरलं."

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"सांगतंय कोण? अर्धल का बाजारात कुणाशी बी करत्यात? घरच्या माणसाशी, नायतर जिवाच्या."

मी मेंढी न घेताच उठलो. बांधावर आलो आणि सात वर्षांपूर्वीचा टॉवेल आठवला. चार बोटं धरली होती हनीफभाईने, पूर्ण भाव. आणि मग माझ्या हाताला जे पेर नाही, तिथे, जिथे ते असायला हवं होतं तिथे दाबून म्हणत होता, विकू नकोस. भाव हाच, पण विकू नको. माझ्याकडे राहू दे, निम्मा तुझा. माझ्या मेंढ्यांवर जाऊ दे, दुसऱ्या रक्ताचा नर मी तुला देतो. दोघांचं घराणं राहील. एवढं सगळं एका अंगठ्यात. आणि मी न समजल्यासारखा बघतोय म्हणून पुन्हा जोरात दाबलं, हसून.

मंगलला फोन केला. सगळं सांगितलं. मागे नातू रडत होता.

"अहो, मग जा ना."

"त्याने तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला कधी काय तोंडाने सांगितलंत?" ती म्हणाली, आणि बाळाला घ्यायला गेली.

आठ दिवस गेलो नाही. त्या आठ दिवसांत पाचांतली थोरली मेंढी व्याली. एकुलतं, मादी, पण बाप क्रॉस. गोजिरं होतं. नाक मात्र सरळ. मी त्या सरळ नाकाकडे बघत राहिलो, आई त्याला चाटत होती, तिला काय त्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप काढली.

हनीफभाईने बाजार सोडलाय, हे ऐकून होतो. सिन्नरच्या कडेला घर, मागे पत्र्याचं शेड, त्यात दहा-बारा अस्सल. तो खाटेवर बसून लसूणघास निवडत होता. केस पिकलेत, टॉवेल नव्हता खांद्यावर.

"या," म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी 'या' म्हटलं नव्हतं. खुर्ची दिली. पाणी दिलं. मी म्हटलं, नर बघायला आलोय. त्याने शेडकडे हात केला. "बघा."

नर बघताच मला घाम फुटला, असा होता. पाय, छाती, नाक, काही म्हणजे काही उणं नाही. मी दात बघितले, पाठीवर अंगठा फिरवला. तो लांब उभा राहून दुसरीकडे बघत होता.

"भाव?"

त्याने तोंडाने सांगितला. फार सांगितला. बाजारात कुणी असा भाव सांगितला असता तर मी हसून निघून गेलो असतो. मी खिशातून पैसे काढले आणि सगळे दिले. येताना तेच ठरवून आलो होतो. म्हटलं, आपण माफी मागू शकत नाही, शब्द फुटत नाहीत. निदान हे तरी करू. तो सांगेल ते द्यायचं, एक रुपया कमी करायचा नाही. त्याला कळेल.

"कमी-जास्त नाय करणार?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने नोटा न मोजता खिशात ठेवल्या. चेहरा असा उतरला की मी घाबरलो. "बरं," म्हणाला. "न्या." मेंढा चढवला. फाळका लावला. तो घरात गेला आणि दार लोटलं.

घोटीकडे रस्ता फुटतो तिथपर्यंत आलो. मागे मेंढा पाय आपटत होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, पाच मेंढ्यांचं घराणं राहणार होतं, आणि मला गाडी चालवता येईना. बाजूला घेतली. परक्याशी करतात तसा सौदा केला मी त्याच्याशी. ज्याचं तोंड परत बघायचं नाही त्याच्याशी माणूस घासाघीस करत नाही, सांगेल ते देऊन मोकळा होतो. माझी सगळी माफी त्याला तशीच पोचली होती. आणि त्याची काय चूक, कुणालाही तशीच पोचली असती.

गाडी फिरवली. दारात जाऊन हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला, धरून ठेवला. त्याच्या बायकोने, भाभींनी, खिडकी उघडली, मला बघून आत वळून बघितलं.

"हनीफभाई!" मी ओरडलो. "लुटलंस मला! या मेंढ्याचा एवढा भाव? मागचा डावा पाय बघितलास का त्याचा?"

दार धाडकन उघडलं. "काय झालं पायाला? पाय काढतो माझ्या मेंढ्याचा? डोळे फुटलेत का तुझे!"

"आणि दात! चार दाती सांगतोस?"

"चार दातीच हे तो! तुला दात बघायला कोणी शिकवलं रे? कोणी शिकवलं, सांग ना!"

तो फाटकापर्यंत आला होता, अनवाणी. श्वास लागला होता. मग एकदम आवाज खाली गेला त्याचा. "तुला कळलं नाय तेव्हा, ते मी समजलो. बोट नाय तुला, कसं कळणार. मीच येडा. पण बोंबलला कशाला तू? इतक्या लोकांत? सात वर्ष मी त्या बाजारात मान वर करून बसलो नाय."

"तू तोंड उघडून सांगायचंस मग."

"तोंडानं सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, की तुझा विकायचा विचार पक्का नाय. भाव पडला असता तुझा. तुझाच भाव सांभाळत होतो मी, गाढवा."

रस्त्यावरून एक जीप गेली. धुळीतच त्याने फाटक उघडलं.

"मेंढा खाली घे," तो म्हणाला. "असा सौदा असतो का? खाली घे आधी."

एका बाजूने त्याने धरला, एका बाजूने मी. मेंढा आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि अंग झाडलं. हनीफभाईने खिशातल्या नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या.

"हं. बोल आता."

मी पहिला भाव मुद्दाम इतका पाडून मागितला, की त्याला राग यायलाच हवा.

आला.